बाई आहेत का?

पाटी मीच रंगवली, दाराच्या उरलेल्या ऑइलपेंटने:
साडीला फॉल-पिको करून मिळेल.
सौ. वृंदा तोरस्कर, खोली अकरा, पहिला मजला.
नाव तिचं. सुई माझी.
पुरुषाच्या हाती साडी कोण देणार, असं आम्ही दोघांनी
जेवताना ठरवून टाकलं होतं.

छापखाना बंद झाला तेव्हा शेठने हिशेबासोबत
भिंतीवरचं घड्याळ दिलं.
ते अजून पाच मिनिटं पुढे पळतं,
मला कुठेही पोचायचं नसताना.

वृंदा रात्रपाळीला मुलुंडच्या इस्पितळात
रक्ताच्या नळ्यांवर नंबर चिकटवते.
सकाळी येते, चहा घेते, पडदा ओढून झोपते.
मग भांडुपची ही दहा बाय बारा माझी:
रेवाच्या वेण्या, डबा, साडेनऊला जाणारं पाणी,
आणि कडीचा आवाज.

बाई आहेत का?
आहेत. झोपल्यात.
बरं, सांगा त्यांना, धागा वांगी हवा. जांभळा नको.
मी निरोप्यासारखी मान हलवतो, वहीत लिहून घेतो.
वांगी आणि जांभळ्यातलं अंतर
मी बावीस वर्षं शाईच्या डब्यांत मोजलंय,
पण ते सांगत नाही.

शिकवलं समोरच्या फरिदा आपांनी,
ज्या स्वतः नगाला नऊ रुपयांनी गाऊन शिवतात.
फॉल आधी भिजव, वाळव, इस्त्री कर,
नाहीतर पहिल्या धुण्यात आकसतो
आणि गिऱ्हाईक तुझ्या सात पिढ्या काढतं.
टाका वरून दिसला, तर उसव.
फी म्हणून त्यांच्या नातवाला रोज एक पाढा.
तो तेरावर अडलाय. मी ब्लाउजच्या हुकांवर.

मग गावणकर काकूंची नारायणपेठ आली.
रेवा शाळेतून आली, भूक भूक म्हणाली,
आणि आमटीचा एक थेंब
वाटीतून निघाला तो थेट पदरावर.
टाल्कम पावडर, खडू, लिंबाची फोड, देव,
सगळं लावून पाहिलं.
डाग गेला. माझा घाम राहिला.

दुसऱ्या दिवशी काकू न सांगता, चार वाजता, उघड्या दारातून.
मी जमिनीवर मांडी घालून,
मांडीवर त्यांची साडी, बोटात टोपण.
तुम्हीच करता?
ओठांत सुई होती,
म्हणून खोटं बोलता आलं नाही.

त्यांनी काठ उलटा केला. चष्मा वर केला.
सुलटा केला. खिडकीपाशी नेला.
एवढं बारीक तर माझं प्रूफही कुणी वाचलं नव्हतं.
मग म्हणाल्या,
नाक्यापेक्षा दहा रुपये जास्त लावता तुम्ही.
आणि दहा कमी देऊन गेल्या.

शनिवारी त्यांच्या सुनेने सहा साड्या आणल्या.
भाचीचं लग्न आहे.
आत्या म्हणाल्या, भावोजींनाच द्या.

महिनाअखेर: फॉल एकेचाळीस, पिको सतरा.
वजा रिळं, वजा फॉलची कापडं,
वजा मोटरने वाढवलेलं लाइट बिल,
वजा एक चुकून कापलेला काठ, त्याची भरपाई.
उरले तीन हजार दोनशे साठ.
रेवाचे बूट, एक सिलिंडर,
आणि थोडं काही, ज्याला अजून नाव नाही,
म्हणून बिस्किटांच्या डब्यात ठेवलंय.

वृंदाने अर्धवट झोपेत नोटा मोजल्या.
मी म्हटलं, पाटीवरचं नाव बदलू का आता?
राहू दे, म्हणाली,
झोपेत कमावते असं वाटतं तरी.

संध्याकाळी निघताना दिसलं,
तिच्या पांढऱ्या कोटाची खालची शिवण सुटलीय,
एक धागा लोंबतोय गुडघ्याशी.
थांब, म्हटलं, दोन मिनिटं.
ती घड्याळाकडे बघून जिना उतरलीसुद्धा.
मी वरून ओरडलो,
अगं, ते पाच मिनिटं पुढे आहे.